सांगायचं नाही, सुचवायचं

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. कोकणातले आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. माझ्यापर्यंत येता येता घाणा गेला आणि शनिवारही बराचसा गेला. लोणावळ्याच्या आमच्या घरात शब्बाथ हा शनिवारचा विसावा पाळायचा म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताआधी बायकोनं दिवे लावायचे, मी मनुकांच्या सरबतावर किद्दुशची प्रार्थना म्हणायची, चपातीचा तुकडा मिठाला लावून खायचा आणि मग टीव्ही लावायचा. देवाकडून आजवर तक्रार आली नव्हती.

मग इस्राएलहून दादा आला.

हाच माणूस तरुणपणी सिनेगॉगला जातो सांगून मॅटिनीला जायचा. तिकडं गेला, संसार केला, वहिनी वारली, आणि आता थोडे दिवस राहायला आला तो कडक धार्मिक होऊन, डोक्याला टोपी अन् कमरेला झालरीचे दोरे लावून. शुक्रवारी दुपारी त्यानं चिकटपट्टी घेतली आणि घरातल्या एकेका बटणावर पट्ट्या मारत सुटला. जे चालू ते चालू राहणार, जे बंद ते बंद. शनिवारी रात्र पडेपर्यंत विजेला हात लावायचा नाही.

"आणि फ्रिज?" बायकोनं विचारलं.

"त्यातला बल्ब काढून ठेवलाय. दार उघडलं की दिवा लागतो ना!"

सूर्यास्त जवळ आला तशी वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडं यात नवल काही नाही. बायको त्या वेळी मटणासाठी नारळ वाटत होती. मिक्सर थांबला तसं तिनं उरलेलं खोबरं पाट्यावर वाटलं, पातेलं गॅसवर उकळून, वीज आली की गरम राहावं म्हणून विजेच्या शेगडीवर ठेवलं आणि घाईघाईनं दिवे लावले. दादानं तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या बटणांवरही पट्ट्या मारल्या. मिक्सरचं बटण चालूच होतं, हे त्या अंधारात कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

मी सरबताचा पेला उचलला, प्रार्थना अर्ध्यावर आली, आणि वीज आली. घर उजळलं, शेगडी तापायला लागली आणि रिकामा मिक्सर जीव खाऊन ओरडायला लागला. मी उरलेली प्रार्थना त्याच्यावर ताण करून पुरी केली आणि उठलो.

"हात लावू नकोस!" दादा ओरडला.

"अरे, जळेल तो!"

"शेजारी कोण आहेत?"

शेजारी आबा राहतात. कुरवंड्याला त्यांची शेती आहे. दादानं मला समजावलं, की परधर्मीयालासुद्धा 'बंद करा' असं सरळ सांगायचं नाही. नुसतं सुचवायचं. त्याला आपणहून वाटलं पाहिजे. आम्ही भर पावसात निघालो. छत्री उघडायचीही मनाई होती. मी नियम मोडून छत्री घेतली, दादा चिंब भिजला.

"आबा, आमच्याकडं मिक्सर चाललाय," दादा म्हणाला.

"चालू द्या की. चटणी करताय व्हय?"

"रिकामाच चाललाय. आवाज लय होतोय."

"तर! पावसाचाबी लय होतोय."

"कोणी येऊन बघितलं असतं तर..."

"या की आत, भिजताय कशाला?"

शेवटी मीच म्हणालो, "आबा, चला, आमच्याकडं सरबत प्यायला." ते आले. मिक्सर कोकलत होता, जळका वास सुटला होता. आबांनी पट्ट्या मारलेली बटणं पाहिली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"वायरिंगला धोका दिसतोय. म्हणून चिकटवलंय न्हाई का? आदी सांगायचं की!"

असं म्हणून ते बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला. मिक्सर थांबला. दिवे गेले, फ्रिज गेला, मटणाखालची शेगडी गेली. "उद्या वायरमन बोलवा. तवर हात लावू नका," असं बजावून, सरबत पिऊन, ते समाधानानं घरी गेले.

मेन पुन्हा लावा, असं त्यांना सांगता येत नव्हतं. सुचवायची तर आमच्यात कोणाचीच हिंमत उरली नव्हती.

बायकोच्या दोन दिव्यांच्या उजेडात आम्ही कोमट मटण जेवायला बसलो. मी चिडलो होतो. दादाला म्हणालो, "एवढे नियम आहेत कशाला? तुला कसला आनंद मिळतो यात?"

त्यानं चपातीचा तुकडा मोडला. मग म्हणाला, "ती गेल्यावर मी घरात ब्रेड आणि दही खाऊन राहायचो. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबानं एका शुक्रवारी जेवायला बोलावलं. पुढच्या शुक्रवारी माझं ताट आधीच मांडलेलं होतं. दर आठवड्याला मांडत गेले. ते लोक कडक पाळणारे. त्यांच्या घरात माझी चूक होऊ नये म्हणून एकेक नियम शिकलो. आधी जेवण आलं, नियम मागून आले."

"म्हणजे पोटासाठी धार्मिक झालास."

"हो तर," तो म्हणाला आणि हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. बायकोनं न विचारता त्याला आणखी रस्सा वाढला.

शनिवारी तेच मटण गार खाल्लं. वर चरबी गोठलेली होती. संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो, पण धुक्यात समोरचं कुंपण दिसत नव्हतं, तारे कुठले? दादानं छापील वेळापत्रक मानलं, शब्बाथला निरोप द्यायच्या रीतीप्रमाणे वात पेटवून लवंगा हुंगल्या आणि वात विझवली. मी मेन लावतोय तोवर आबा वायरमनची चौकशी करायला आले. दादानं त्यांना सगळा प्रकार सांगितला.

"आरं, मंग सरळ सांगायचं की!"

"तेच सांगता येत नाही, आबा."

आबांनी मान हलवली. "आमची हीबी कंदी सांगत न्हाई, नुसती सुचवती. जलम गेला, मला आजून कळलं न्हाई."

ते गेल्यावर दादा म्हणाला, "परतीचं तिकीट पुढं ढकलावं म्हणतो. पुढचा शुक्रवारही इथंच काढीन."

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, "राहा की भावजी," आणि चहाचं आधण ठेवायला आत गेली.