फाटकातला पहारा

नातवंडांनो,

गेल्या आठवड्यात आपल्या पुलगावातल्या फुटबॉलच्या मैदानाला एका गृहस्थांचं नाव दिलं. भाषणात कुणीतरी सांगितलं की हे गृहस्थ आणि तुमचे आजोबा जिवलग मित्र होते, दोघांनी मिळून इथला खेळ जगवला. मी पहिल्या रांगेत होते. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तुम्ही दूर राहता. उद्या तुम्हालाही कुणी हेच सांगेल आणि तुम्ही खरं मानाल, म्हणून आजच लिहायला बसले. नावं कुणाचीच लिहीत नाही. त्यांचं पाटीवर आहे, तेवढं पुरे.

आजोबा इथल्या लष्कराच्या दारूगोळा डेपोच्या सुरक्षेत पहाऱ्याची कुत्री सांभाळायचे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या हाताखालच्या एका अल्सेशियनचा मागचा पाय अधू झाला. त्याला कामावरून कमी केलं आणि साहेबांच्या परवानगीने आजोबांनी त्याला घरी आणलं. नोकरी सुटली तरी त्याची शिस्त सुटली नव्हती. परक्याच्या हातचं खायचा नाही. बसवलं तिथून, ज्याने बसवलं त्यानेच उठवल्याशिवाय हलायचा नाही. आणि पहाऱ्यावर भुंकायचा तर मुळीच नाही, कारण चोराला आपली जागा कळू द्यायची नसते. तो फक्त आमच्या दोघांचं ऐकायचा. हुकूम इंग्रजीत असायचे. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, पण माझ्या शुद्ध इंग्रजीकडे तो ढुंकूनही पाहायचा नाही. आजोबांसारखं "वाच्च" म्हटलं की लगेच पहाऱ्याला ताठ बसायचा.

आजोबांना फुटबॉलचं वेड होतं. सामन्याच्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. थंडी असो नसो, हिरवं स्वेटर अंगात. स्वतःची लोखंडी घडीची खुर्ची घेऊन ते कोपऱ्यातल्या कडुलिंबाखाली बसायचे, खुर्चीखाली कुत्रा. मग तिथून ओरडा सुरू. "अबे पास दे ना! बॉल काय घरी न्यायचा हाय का?" खेळणारी पोरं हसायची, पण पासही द्यायची.

ते गृहस्थ फुटबॉल कमिटीचे सेक्रेटरी होते. सरकी-ढेपेचा मोठा व्यापार. त्यांचा पुतण्या एका संघाचा गोलकीपर होता. एका वर्षी सेमीफायनलमध्ये त्याच्या दोन पायांमधून बॉल गेला आणि संघ हरला. सगळ्या मैदानाने पाहिलं. सेक्रेटरींनी माइक हातात घेतला आणि सांगितलं की ऐन वेळी कुत्रा भुंकला, पोरगा दचकला, सबब त्या कुत्र्याला आणि त्याच्या मालकाला यापुढे मैदानात बंदी. भोंगा पार स्टेशनपर्यंत ऐकू जायचा. आजोबा उभे राहिले, खुर्चीची घडी केली आणि घरी आले. कुत्रा तेव्हा पायावर हनुवटी टेकून पडला होता. मी शेजारीच होते, मी पाहिलं होतं.

स्वेटर ट्रंकेत गेलं. फायनलच्या दिवशी आजोबा ओट्यावर बसले आणि मैदानाकडून येणाऱ्या गलक्यावरून ओळखत राहिले. "गोल झाला," म्हणायचे, मग थोड्या वेळाने, "हुकला." कुत्रा घडी केलेल्या खुर्चीजवळ जाऊन बसला होता. कुत्र्याला कामावरून काढलं तेव्हाही आजोबा असे दिसले नव्हते. मी ते दृश्य नीट पाहून घेतलं आणि वाट पाहू लागले. शिक्षकाला वाट पाहता येते.

पुढच्या वर्षी फायनलच्या आदल्या दिवशी सेक्रेटरी स्वतः आमच्या घरी आले. त्यांना पाहून आजोबा आत निघून गेले.

"वहिनी, उद्या सारा मोहल्ला मैदानावर जाते. चौकीदारही टिकत नाई. मागच्या साली गोदामातून पोती गेली. तुमचं कुत्रं द्या न दुपारभर."

"मैदानात चालत नाही, गोदामात चालतो?"

"आता जुनं काऊन काढता? तो कमिटीचा निर्णय होता."

"बरं. मीच आणून बसवते."

"मालकाले ओळखते ना?"

"मालकाला बरोबर ओळखतो," मी म्हटलं.

त्यांचं घर आणि गोदाम एकाच आवारात, भोवती उंच भिंत, बाहेर पडायला एकच फाटक. दुसऱ्या दिवशी मी कुत्र्याला घेऊन गेले तेव्हा सेक्रेटरी आत दाढी करत होते. ओसरीत टेबलावर फायनलचा कप होता आणि जिंकणाऱ्यांसाठी पेढे. मी कुत्र्याला फाटकात बसवलं, "वाच्च" म्हटलं आणि निघाले. आता आतलं माणूस बाहेर येणार नव्हतं, बाहेरचं आत जाणार नव्हतं. कुत्र्याला कसं बसवायचं हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नाही.

घरी येऊन मी ट्रंक उघडली. "स्वेटर घाला."

"कशाले? पुन्हा अपमान करून घ्याले?"

"घाला म्हणते ना."

मैदानाच्या दाराशी कार्यकर्त्याने अडवलं. मी म्हटलं, "सेक्रेटरींना विचारून या." तो म्हणाला, ते अजून आलेच नाहीत. "मग ते येईपर्यंत बसतो आम्ही." आजोबांनी कडुलिंबाखाली खुर्ची उघडली. सुरुवातीला नुसते पाहत होते. मग एक पोरगा बॉल घेऊन एकटाच पळत सुटला आणि आजोबा उठून उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा आवाज बसेपर्यंत ते ओरडले.

सामना संपला, कपाचा पत्ता नाही. आणायला गेलेली माणसं हसत परत आली. मग अर्धं मैदान सेक्रेटरींच्या घराकडे निघालं, मी सावकाश मागून.

ते इस्त्रीच्या कपड्यात, कप बगलेत धरून आवारात उभे होते. फाटकात आमचा कुत्रा. समोर मातीत पेढे पडलेले, त्यांना मुंग्या लागलेल्या. ओसरीतून त्यांची बायको म्हणाली, "कधी नाई ते आज घरी राह्यले." लोक खदखदले.

"वहिनी, उठवा त्याले. दुपारभर अडकवून ठेवलं मले."

"तुम्ही ओरडलात का त्याच्यावर?"

"घसा सुकला माया."

"काठी दाखवली?"

"दाखवली."

"मग तो भुंकला का?"

गर्दीतून एकजण म्हणाला, "एक डाव नाई भुकला, भाऊ. आमी भिंतीवर बसून पाह्यत होतो."

"मागच्या वर्षी भुंकला होता?" मी विचारलं.

ते खालच्या आवाजात पुटपुटले, "नसंल भुकला."

"बंदी भोंग्यावर घातली होती, भोंग्यावरच उठवा. चारचौघांसमोर कबूल करा, मग उठवते."

त्यांनी मान डोलावली. मी कुत्र्याला उठवलं. मैदानावर जाऊन त्यांनी कप दिला, मग माइकवर म्हणाले की त्या दिवशी कुत्रा भुंकला नव्हता, बंदी उठवली आहे. आजोबा तेव्हा खुर्चीवर बसूनच होते. घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "तू मुद्दाम केलंस?" मी हो म्हटलं. ते कुत्र्याच्या मानेवर हात फिरवत म्हणाले, "ड्यूटी चांगली केली बेट्यानं."

त्या दिवाळीत सेक्रेटरींकडून फराळ आला. मी ताट तसंच परत पाठवलं, आणि पुढची प्रत्येक दिवाळी तसंच पाठवत राहिले. ओट्यावर बसून गोल मोजणारा माणूस मी पाहिला होता. फराळाने ते पुसलं जात नाही.

आता कुत्रा नाही, आजोबा नाहीत, ते गृहस्थही नाहीत. लोखंडी खुर्ची आहे. फायनलला मी ती कडुलिंबाखाली उघडून बसते. खेळ मला अजूनही कळत नाही. राग शाबूत आहे.