तीन काळे सांगाडे

मला सायकलीतलं कळतं, हे शिरूरमध्ये अजून बऱ्याच जणांना पचलेलं नाही. वडिलांचं दुकान मी चालवायला घेतलं त्याला वीसेक वर्षं होत आली, तरी नवखा माणूस आला की आधी माझ्या मागे बघतो, मिस्त्री कुठे आहे म्हणून. मग मीही मागे वळून बघते आणि म्हणते, "इथं तर कुणी दिसत नाही, मलाच दाखवा." बहुतेक जण दाखवतात. जे दाखवत नाहीत ते सगळा बाजार फिरून परत येतात, आणि त्यांचं मला जराही वाईट वाटत नाही.

हल्ली दुकानात पंक्चर कमी येतात आणि मोबाइलवर फोटो जास्त येतात. जुन्या सायकली जमवणारी पुण्याची हौशी मंडळी कुठूनतरी एखादा गंजका सांगाडा उचलून आणतात. त्यावर ना नाव, ना पट्टी. मग मला विचारतात, ही कुठली, किती जुनी? मी त्यांना सायकल उलटी करायला लावते. पेडलचा दांडा ज्या नळीतून जातो तिच्या पोटाशी नंबर आहे का, तेल सोडायचं भोक आहे का, नळ्यांचे जोड साधे की नक्षीदार, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा माथा सपाट की गोल, एवढं कळलं की निम्मं उत्तर हाती येतं. उरलेलं निम्मं रंग खरवडल्यावर मिळतं. हीच मंडळी पुढे आपापसात सांगताना "शिरूरच्या एका दुकानात कळलं" एवढंच म्हणतात, त्या दुकानात एक बाई बसते हे गाळून. गाळू देत.

तर हे सगळं कळतं म्हणून मी ताठ चालायची. गेल्या उन्हाळ्यात दौंडच्या एका मावशींनी माझा तो ताठा अर्ध्या तासात उतरवला, आणि मला ते सांगायचंच आहे.

मावशींचं माहेर आमच्या जवळच्या निमोण्याचं. भाच्याकडे आल्या होत्या, तिथे कुणीतरी माझं दुकान सांगितलं. सत्तरीच्या, बुटक्या, पांढरं कपाळ, खांद्यावरून घट्ट घेतलेला पदर. नवरा रेल्वेत गँगमन होता. निवृत्तीनंतरही रोज सायकलवर फिरायचा. एक दिवस छातीत दुखतंय म्हणून स्टेशनजवळच्या एका सायकल स्टँडवर सायकल लावून, मावशींना घेऊन तो डेमू गाडीने पुण्याला गेला आणि दवाखान्यातून परत आला नाही. स्टँडचं टोकन दवाखान्याच्या कागदांत कुठेतरी हरवलं. दिवसकार्य, मावशींचं आजारपण, रडणं यात आठ महिने गेले. मावशी स्टँडवर पोहोचल्या तेव्हा तिथल्या ठेकेदाराने बेवारस सायकलींची चाकं, सीटं, कॅरियर सगळं सोडवून ढीग घातला होता. सोमवारी भंगारवाल्याचा टेम्पो येणार होता.

"तीन काळ्या हायेत म्हनला," मावशी म्हणाल्या. "तुमची कुटली ते वळखा आन् न्या. मला वळखंना, बाई. नुसत्या नळ्या नळ्या पडल्यात."

मी विचारलं, घरचे काय म्हणतात?

"पोरगं म्हनतंय, आय, भंगार हाय, सोड नाद." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "चाळीस वरीस मागं बसले म्या. त्यांचं तोंड कमी आन् पाठ जास्त बघितली. ती सायकल टेंपोत जाऊ द्यायची न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुकान बंद ठेवलं, एसटीने न्हावरे, पुढे चौफुला असं करत दौंडला पोहोचले. मावशी स्टँडच्या दारातच उभ्या होत्या.

तीन सांगाडे खरंच सख्ख्या भावांसारखे दिसत होते. रेल्वेवाल्यांच्या सायकली अशाच असतात, दर दोन-तीन वर्षांनी कुठूनतरी उरलेला रंग मिळतो आणि माणूस गंजावरच ब्रश फिरवतो. मी वाटेतून मावशींना फोन करून खोदून विचारलं होतं. त्यांनी एक गोष्ट छातीठोकपणे सांगितली होती. नवऱ्याने ती सायकल एका गार्डसाहेबाच्या घरातून जुनी घेतली होती आणि ती विलायती होती. मला एवढं पुष्कळ होतं.

मी तिन्ही उलट्या केल्या. दोन तर सरळसरळ देशी होत्या. तिसरीच्या जोडांवर बारीक नक्षी, पोटाशी तेलाचं भोक, चिमट्याचा माथाही वेगळा. इंग्लंडची, यात शंकाच नव्हती. इतकी चांगली फ्रेम मी वर्षभरात बघितली नव्हती. ती सरळ उभी करून, तिच्यावर हात ठेवून मी म्हणाले, "ही यांची."

ठेकेदार चाळिशीचा, खुर्चीत बसून चहा पीत होता. तो हसला. "मॅडम, बरोब्बर बोट ठेवलं. ती पुन्याच्या पार्टीनं मागितलीय. भंगारात जायाच्या त्या दोन. पन तुमाला बी हीच आवडली, व्हय? टोकन न्हाई, कागुद न्हाई. आसं कुनीबी येऊन चांगला माल वळखून नेईल."

मला राग आला. मी त्याला म्हणाले, "दादा, मी हेच काम करते. जोड बघा, नंबर बघा. यांचा माणूस सांगायचा विलायती आहे. यातली विलायती एकच."

"त्यो कायबी सांगत आसंल," ठेकेदार म्हणाला. "खूण दावा. ह्या सायकलीवर ह्यांची म्हनून एक खूण दावा, मी उचलून देतो."

मी अजून बोलणार होते. तेवढ्यात मावशी त्या सांगाड्याच्या मागे गेल्या, गुडघे वाकवून अर्धवट बसल्या आणि उजवा हात पुढे करून नसलेल्या सीटखाली नळी धरली. क्षणभर तशाच राहिल्या. मग हात सोडला.

"ही न्हवं," त्या म्हणाल्या.

"मावशी, विलायती हीच आहे," मी हळूच म्हणाले.

"आसंल. पन ही आमची न्हवं. हात बसंना."

ठेकेदाराने चहाचा कप खाली ठेवला. फुकटात मिळू शकणारी चांगली वस्तू नको म्हणणारं माणूस त्याने बहुधा पाहिलं नसावं. मला मात्र लाज वाटली. जुनी सायकल घेणारा प्रत्येक जण ती विलायतीच सांगतो. माझ्या दुकानात रोज तेच ऐकते आणि रोज मनात हसते. तरी त्या दिवशी माझं डोकं फक्त चांगल्या फ्रेमला भुललं. पुण्याच्या मंडळींच्या नजरेने मी मावशींची सायकल शोधत होते.

मग मी उरलेल्या दोन सांगाड्यांवर मावशींचा हात जिथे गेला तिथे बघितलं. सीटखालून मागच्या चाकाकडे उतरणारी डावीकडची बारीक नळी. एकीवर काही नव्हतं. दुसरीवर, वरच्या टोकाला चार बोटांच्या जागेत, रंग झिजून लोखंडाचा पांढरेपणा दिसत होता. त्यात बारीक आडव्या रेघा होत्या, एकीला लागून एक, सगळ्या किंचित वळलेल्या. गंज नव्हता तो. घासल्याच्याही खुणा तशा नसतात. मी नख फिरवून बघितलं, चिंधीने पुसलं, तरी मला उलगडेना.

मला उलगडेना, कारण माझ्या हातात बांगड्या नसतात. पाना धरणाऱ्या हातात काच टिकत नाही. मावशींनी आपलं रिकामं मनगट त्या रेघांवर टेकवलं, तेव्हा कळलं. एका बाजूला दोन्ही पाय टाकून मागे बसलेल्या बाईचा उजवा हात चाळीस वर्षं त्याच नळीवर होता, आणि रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला तिच्या बांगड्या रंगावर घासत होत्या. हे मला कुठल्याही नंबरावरून कळलं नसतं.

मी ठेकेदाराला बोलावून त्या बांगड्यांच्या रेघा दाखवल्या. त्याने वाकून बघितलं, मावशींच्या हाताकडे बघितलं. हात मोकळा होता. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी बांगड्या फोडल्या होत्या, आमच्याकडे अजून फोडतात.

"मॅडम, आता हात तर रिकामा हाय," तो म्हणाला. आवाजात पहिल्यासारखी खोच नव्हती, पण सोडायलाही तयार नव्हता. "बांगड्यांचंच हाय हे कशावरून?"

मावशींनी पदर सारखा केला आणि स्टँडबाहेर चालू लागल्या. मला वाटलं, हरल्या. मी मागे धावले. त्या समोरच्या बाजारात कासाराच्या दुकानात जाऊन पाटावर बसल्या होत्या आणि उजवा हात पुढे केला होता.

कासाराने त्यांच्या कपाळाकडे बघितलं. "मावशी, मेटलच्या देऊ का? आता लई बाया त्याच वापरत्यात."

"काचंच्या. हिरव्या. भर."

तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हणाले, "ऐकलंत ना? भरा." माझा आवाज चढला होता, आणि मला तो खाली आणायचा नव्हता.

त्याने भरल्या. हात दाबून, बोटं मिटवून, एकेक करत. मावशींनी डोळे मिटले नाहीत.

आम्ही परत आलो तेव्हा ठेकेदार खुर्चीतून उठून उभा राहिला. मी तो देशी सांगाडा सरळ धरला, मावशी त्याच्या मागे अर्धवट बसल्या, उजवा हात नळीवर टाकला. बांगड्या घरंगळत खाली आल्या आणि त्या पांढऱ्या पट्ट्यावर जाऊन टेकल्या. त्यांनी हात किंचित हलवला, गाडी खड्ड्यातून गेल्यासारखा. काच रेघांवरून आवाज करत फिरली. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

"न्या मावशी," ठेकेदार म्हणाला. त्याने ढिगातून सीट आणि कॅरियर आपल्याच हाताने शोधून काढलं. चाकं कुणाची कुठली ते आता सांगता येणार नव्हतं, म्हणून त्यातल्या त्यात बरी दोन दिली.

सांगाडा मी खांद्यावर घेतला, कॅरियर मावशींनी. चाकं नंतर न्यायची ठरली. मावशींच्या वस्तीतल्या नळावर चारपाच बायका होत्या. त्यांनी सायकलकडे कुणी बघितलंच नाही. सगळ्यांची नजर मावशींच्या हातावर. एक त्यांच्याच वयाची बाई कळशी तशीच सोडून जवळ आली.

"आगं, ह्या काय घातल्यास?"

"सायकल सोडवायला घातल्या," मावशी म्हणाल्या. "खूण मागितली त्यानं."

"सुटली न्हवं सायकल? मग काढ की आता. लोक काय म्हनतील?"

मावशींनी कॅरियर या हातातून त्या हातात घेतलं. बांगड्या वाजल्या.

"कशाला काढू? उद्या पुन्यांदा कुनी खूण मागितली, तर माझ्या मानसाची सायकल मी कशावर वळखून दावू?" त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढे चालू लागल्या.