अंगणात डाग नको

तुमच्याकडे कधी घरीच गाडीचं तेल बदललंय का? आमच्याकडे बदलायचे, आणि दर खेपेला काहीतरी घडायचंच. लढाईच्या त्या वर्षांतल्या अशा गोष्टी इतक्या साठल्या आहेत, की जबलपूरचे जुने शेजारी भेटले की आमच्या आधी गाडीची चौकशी करतात.

हे फॅक्टरीत फौजी ट्रक जोडायच्या लाइनवर होते. लिलावात त्यांनी एक जुनी मोटार घेतली आणि पहिल्यांदा तेल बदलायला लाइनवरचे सोबती बोलावले. सगळे वाकून वाकून गाडीखाली पाहत राहिले. रोज ट्रक जोडणारी माणसं, पण तेल कुठून काढायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं!

"वहिनी, आमच्याकडे गाडी नवीच असते," वानखेडे म्हणाले. "जुनं तेल आम्ही कधी पाहिलंच नाही."

शेवटी बूच सापडलं. खाली भांडं ठेवायचं तेवढं राहिलं. सासूबाईंनी सकाळीच सारवलेलं अंगण काळं झालं.

*

पुढच्या खेपेला भांडं ठेवलं. पण कोणीतरी सांगितलं, तेल गरम असलं की लवकर निघतं. म्हणून हे अधारतालपर्यंत गाडी फिरवून आले. तेल असं पोळत होतं, की बूच हातातून सुटून थेट भांड्यात पडलं. ह्यांनी स्वयंपाकघरातून हाताला आलं ते उचललं.

सासूबाई पोळ्या करायला बसल्या आणि उठून बाहेर आल्या.

"काहून रे, माझा चिमटा त्या तेलात काय करून राहिला?"

*

मग फिल्टरची पाळी. ह्यांनी तो खालून फिरवला आणि तेल मनगटावरून कोपरापर्यंत, तिथून थेट बनियनमध्ये गेलं. अंगणात मात्र एक थेंब नाही. सासूबाईंनी ते मान्य केलं. "कपड्यावरचा डाग सुनेचा, अंगणातला माझा," असा त्यांचा हिशेब होता.

*

शेजारचे मिश्राजी फॅक्टरीत तपासनीस. लाइनवर तयार झालेला ट्रक तेच पास करायचे. एकदा तेही आले. गाडीभोवती चक्कर मारून म्हणाले, "पास." वानखेड्यांनी नवं तेल ओतलं. वरून ओतलं तेवढं खालून आलं. बूच लावलंच नव्हतं.

हे चिडले, तर वानखेडे शांतपणे म्हणाले, "माझं काम ओतायचं. बूच लावायचं काम आधीच्या माणसाचं."

त्या दिवशी सासूबाईंनी निकाल दिला. आणखी एक डाग पडला, की गाडी जुन्या गाड्या घेणाऱ्या पाटणच्या शेठला विकायची. ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. जन्मात पहिल्यांदा घेतलेली गाडी होती ती.

*

पुढच्या खेपेच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी शेठना निरोपच धाडला, की परवा सकाळी येऊन जा.

ह्या वेळी मी कोणाला बोलावू दिलं नाही. इंजिन कोमट झालं तेव्हा गाडीखाली बारदान पसरलं, त्यावर राख, त्यावर मोठं घमेलं. बूच मी चिंधीने धरायला लावलं. फिल्टर निघाला तो सरळ बादलीत. जुनं तेल वनस्पती तुपाच्या रिकाम्या डब्यात नरसाळ्याने ओतलं आणि झाकण कणकेने लिंपून डबा बाहेर ओट्यावर ठेवला. मिश्राजी कुंपणावरून बघत होते.

"वाह भाभीजी," ते म्हणाले, "एकदम पास."

संध्याकाळी ब्लॅकआउटचा भोंगा झाला आणि सगळ्या वसाहतीचे दिवे गेले. त्या दिवसांत वनस्पती तूप बाजारात दिसेनासं झालं होतं. दिवे आले, तर ओट्यावर डबा नाही. हे शोधायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे, घाण गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटणचे शेठ आले, सासूबाईंनी त्यांना स्वच्छ अंगण दाखवलं, चहा पाजला आणि परत पाठवलं. कुंपणापलीकडे मिश्राजींच्या मिसेस राखेने काळीकुट्ट तेलकट कढई घासत होत्या.