हिराकाकीचा माठ

कुणी तहानलेला माणूस तसाच एसटीत चढलेला हिराकाकीला खपत नसे. नालासोपाऱ्याहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, तिच्या दारातच थांबा होता. थांब्यावर तिचा माठ, आणि माठात तिच्या विहिरीचं गोड पाणी. समोरच्या बिल्डिंगमध्ये आम्ही नवे राहायला आलो, तेव्हा पहिल्याच सकाळी तिने मला अडवलं. "पानी पिऊन जा गो. मुंबई काय पलून जात नाय."

या रस्त्यासाठी वाडीची कड तिने आपण होऊन दिली होती. तिची सून बाळंतपणात अडली आणि बैलगाडीतून नेताना वाटेतच गेली. तेव्हापासून काकीचं एकच म्हणणं, "गाडी दारात पायजे. झाडं काय, परत लावू."

गाडी आली. मग रस्त्यावर खडी-डांबराचे थरावर थर पडत गेले. त्या कामगारांनाही काकी चहा-पाणी द्यायची. तिच्या ओट्याच्या पायऱ्या एकेक करून रस्त्याखाली गेल्या, तरी बाईला कौतुकच. "चढायचा तरास वाचला," म्हणून हसायची.

रस्ता झाला तशा बिल्डिंगी आल्या, आमचीही आलीच. गटार मात्र कुणी बांधलंच नाही, आणि उंच झालेल्या रस्त्यावरचं पाणी काकीच्या वाडीत उतरू लागलं. मी रस्त्याचं काम बघणाऱ्या ऑफिसात विचारायला गेले, तर तिथले साहेब शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे फक्त रस्ता. गटार वेगळ्या खात्याकडे." अहो, पाऊस काय खातं विचारून पडतो?

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. नेहमीचा ड्रायव्हर एसटीतून उतरला, माठातून पेला भरला, तोंडाला लावणार एवढ्यात काकी विहिरीकडून धावत आली आणि फटका मारून तिने तो पेला उडवला. ही बाई कुणाच्या तोंडचं पाणी काढून घेईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी खोटंच म्हटलं असतं.

"नको पिऊ, बाला," ती म्हणाली. "रस्त्यावरची घान उतरली विहिरीत. मला आत्ता समाजला."

तिने माठ डांबरावर रिकामा केला आणि पालथा घातला.

मग त्याच रस्त्याने आमच्याकडे टँकर येऊ लागला. काकी हंडा घेऊन रांगेत उभी राहायची, खाली मान घालून. मला ते बघवत नसे. शेवटपर्यंत तिचं तसंच चाललं. एसटीचा हॉर्न ऐकू आला की रांगेतला नंबर सोडून ती घरात शिरायची आणि दार लावून घ्यायची. उतरणाऱ्यांपैकी कुणी पाणी मागितलं तर?