विमानांचा फाटा हलला तेव्हा

माझ्या बाबांची सगळी नोकरी एसटीच्या गाड्या सोडण्यात गेली. वारंगा फाट्यावर एक छोटी केबिन होती, तिच्यात ते कंट्रोलर म्हणून बसत. गाडी आली की वहीत वेळ लिहायची, गेली की पुन्हा लिहायची. नांदेडहून येणाऱ्या गाडीला उशीर असला, तर हिंगोलीची गाडी ते धरून ठेवत. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, चिडायचे. बाबा शांतपणे म्हणायचे, "त्या गाडीत हिंगोलीची माणसं हायेत. तू गेलास तर ते दोन घंटे हितं धुळीत बसतील. पाच मिनिटं थांब."

लहानपणी मी शाळेतून सुटले की त्यांच्याजवळ जाऊन बसायची. कुठली गाडी कुठं जाते, कोण कुठं उतरतो आणि कोणती गाडी धरतो, हे मला पाढ्यांसारखं पाठ झालं होतं.

पुढं मी नांदेडच्या कॉलेजातून पदवी घेतली आणि एका लहानशा विमान कंपनीत लागले. तिकीट बघायचं, सामान वजन करायचं, माणसं विमानापर्यंत न्यायची, असं काम. आमच्या डोंगरकडा गावात मात्र बातमी पसरली की पोरगी हवाई सुंदरी झाली. बायका घरी येऊन मला निरखून बघायच्या आणि थोड्या निराश होऊन जायच्या. बाबांनी शेवटी सगळ्यांना एकच उत्तर ठरवून टाकलं, "माझंच काम करते ती. गाडीला पंख हायेत, एवढाच फरक."

कंपनी खरंच लहान होती. सगळी मिळून पाच विमानं, तीही पंख्यांची. त्यांचा तळ हैदराबादला. सकाळी एक विमान तिकडून नांदेडला यायचं, अर्ध्या तासानं परत जायचं. आमच्या भागातल्या माणसाला हैदराबाद परकं वाटत नाही, त्यामुळं विमान भरलेलं असायचं. एक्स-रेच्या मोठ्या पाकिटांसकट दवाखान्यात निघालेली माणसं, लग्नाच्या खरेदीला निघालेल्या मायलेकी, वसमतचे हळदीचे व्यापारी. व्यापाऱ्यांच्या बॅगा काट्यावरून उचलल्या की खाली पिवळी रेघ राहायची. येताना औंढा नागनाथाच्या दर्शनाला निघालेले तेलुगू भाविक असायचे, ते मला गाडी कुठं मिळेल ते विचारायचे.

आम्ही आठ जण होतो. विमान गेलं की सगळे मिळून डबा खायचो. चार वर्षांत त्या आठ जणांच्या घरची प्रत्येक भाजी मी खाल्ली असेल.

मग एक दिवस आम्हाला सगळ्यांना एका खोलीत बसवून पडद्यावर मोठ्या साहेबांचं भाषण दाखवलं. आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन होणार होती. "दोन कुटुंबं एक होत आहेत," असं साहेब हिंदीतून दोनदा म्हणाले. सामान चढवणारे आमचे एक वयस्क काका मागं उभे होते. ते म्हणाले, "सोयरीक झाली, चांगलंच झालं. पण लेक कोणाच्या घरी नांदायला जाणार ते सांगा ना." सगळे हसले, मीसुद्धा.

सुरुवातीला बरंच चाललं. मोठ्या कंपनीकडं जेट विमानं होती आणि कारखान्यातून नवी येत होती. आमच्या पाच विमानांना नवा रंग मिळाला. पहिलं रंगवलेलं विमान उतरलं तेव्हा ते मला ओळखूच आलं नाही. दार उघडल्यावर आतली तीच हवाई सुंदरी हसली, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

सहा महिन्यांनी एक पत्र आलं. हैदराबादचा तळ बंद. यापुढं लहान विमानं दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरात जातील, मोठी विमानंही तिथंच येतील, आणि माणसं तिथं विमान बदलून देशभर जातील. नांदेडचं विमान चालू राहणार होतं, पण आता ते हैदराबादला जाणार नव्हतं. आणि आठ जणांपैकी चौघांची गरज त्या नव्या शहरात होती. त्या चौघांत माझं नाव होतं.

मायला हे पटलं नाही. तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी एकदम विचारलं, "काहून जाऊन राहिली? हितं काय कमी हाय तुला?"

"कमी न्हाई माय. पण माझं काम तिकडं हलून राहिलं."

"काम हलतं. माणसानं हलायलाच पायजे असं काय हाय?"

बाबा खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. ते तिला म्हणाले, "फाटा हलला की कंट्रोलरला जावं लागतं." मग माझ्याकडं वळून जरा संकोचानं विचारलं, "मी एकदा येऊन बघू का तिथं?"

तर असे बाबा माझ्याबरोबर आले. घरच्यांसाठी कंपनीचं तिकीट मिळायचं. त्यांचा तो पहिलाच विमानप्रवास होता. पांढरा शर्ट इस्त्री केलेला, खिशाला दोन पेनं. मी त्यांना खिडकीची जागा दिली. म्हटलं, ढग बघतील, गोदावरी बघतील. पण ते पूर्ण वेळ घड्याळ बघत होते. चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा त्यांनी वेळ लिहिली. चाकं टेकली तेव्हाही लिहिली.

मला त्या दिवशी कामावर रुजू व्हायचं होतं. बाबा म्हणाले, "तू जा, मी बसतो." संध्याकाळी मी परत आले तर ते एका खांबाशी तसेच बसलेले, मांडीवर जुनी डायरी. बोर्डावर बघून त्यांनी येणारी-जाणारी विमानं लिहून काढली होती, अगदी फाट्यावरच्या वहीसारखी, दोन रकान्यांत.

"फाटाच हाय," ते म्हणाले. "लई मोठा, पण फाटाच. सगळ्या गाड्या एका टायमाला येतात, माणसं इकडची तिकडं होतात, आन सगळ्या सुटतात. डोकं लावलंय बराबर." मग त्यांनी पान उलटलं. "एक गोष्ट मात्र चुकली. आपली नांदेडची गाडी पार टोकाला लावतात. तिथून बसनं आणतात, मग हा लांबडा रस्ता. मला उतरल्यापासून पुढच्या दरवाज्यापर्यंत एकवीस मिनिटं लागली, आन मी चालणारा माणूस हाय. कोचीच्या गाडीचा दरवाजा पंचवीस मिनिटांत बंद. म्हातारं माणूस कसं पोचंल?"

"बाबा, ते सगळं कॉम्प्युटरनं ठरवलेलं असतं."

"कॉम्प्युटरला गुडघे असतात का?"

मी हसण्यावारी नेलं. नवी जागा, नवे साहेब, त्यात माझी हिंदी मराठवाड्याची. पहिल्याच आठवड्यात वेळापत्रकातल्या चुका काढायला जाणार कोण? बाबा दुसऱ्या दिवशी परत गेले. जाताना त्यांनी डायरीचं ते पान फाडून माझ्या पर्समध्ये ठेवलं.

तीन आठवडे गेले. माझं काम विमान बदलणाऱ्यांना वाट दाखवायचं. एका सकाळी टेबलाशेजारी जमिनीवर एक म्हातारी बसलेली दिसली. हातांवर कोपरापर्यंत गोंदण, जवळ दोरीनं बांधलेली पिशवी. शेजारी पागोटंवाला म्हातारा हातात तिकीट धरून उभा. बघताक्षणी कळलं की ही आपल्याकडची, तांड्यावरची माणसं.

"याडी, कुठं निघालात?" मी विचारलं. आमच्या गावाशेजारी तांडा आहे, तिथं आईला याडी म्हणतात, एवढं मला येत होतं.

म्हातारीनं दचकून वर बघितलं आणि माझा हातच धरला. म्हातारा म्हणाला, "पोरगं नेव्हीत हाय बाई, कोचीला. सुनेला लेकरू झालं. ते बघायला निघालो. हिचे पाय दुखतेत, म्हणून हळूहळू आलो, तर म्हणतात दरवाजा बंद झाला."

मी धावत गेले. दरवाजा खरंच बंद झाला होता आणि विमान मागं सरकत होतं. पुढचं विमान थेट दुसऱ्या दिवशी. त्यांच्या मुलाला फोन लावून दिला, कंपनीकडून उद्याची तिकिटं करून घेतली आणि ड्युटी संपल्यावर दोघांना माझ्या खोलीवर नेलं. कंपनी हॉटेल देत होती, पण म्हातारी म्हणाली, "तुझ्याकडंच येते, तुझी बोली कळते." खोलीवर आल्यावर तिनं पाय धुतले आणि सरळ ओट्याशी गेली. डब्यात मायनं दिलेलं ज्वारीचं पीठ होतं. तिनं भाकरी थापल्या, मी पिठलं केलं. माझ्या खोलीतली दुसरी मुलगी तमिळ होती. ती भाकरी थापणारे हात बघत उभीच राहिली.

जेवताना मी म्हटलं, "आजोबा, तुम्हाला लई तकलीफ झाली."

"तुझी काय चूक हाय त्यात? तू तर जीव लावला," ते म्हणाले.

चूक माझी होती. तीन आठवडे ते पान माझ्या पर्समध्ये होतं आणि मी गप्प बसले होते.

सकाळी त्यांना कोचीच्या विमानात बसवून दिलं आणि तशीच मॅनेजर बाईंच्या खोलीत गेले. त्या कडक म्हणून प्रसिद्ध होत्या. मी घडी उघडून पान पुढं ठेवलं. मराठीतले आकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या. मी एकेक ओळ वाचून दाखवली.

"ये किसने नापा?"

"मेरे पिताजी ने. वो कंट्रोलर थे."

"कौनसे एअरपोर्ट पे?"

"वारंगा फाटा," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली. ते विमानतळ नाही हे मी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नांदेडचं विमान उतरलं तेव्हा बाई स्वतः माझ्याबरोबर आल्या. मुद्दाम हळू चालल्या, मोबाइलवर वेळ लावून. दरवाज्याशी पोचेपर्यंत अठ्ठावीस मिनिटं झाली. त्या तशाच आपल्या खोलीत गेल्या आणि लिहायला बसल्या.

लगेच काही झालं नाही. दोन महिने पत्रं फिरत राहिली. मग नांदेडच्या विमानाला जवळची जागा मिळाली आणि कोचीचं विमान पंधरा मिनिटं उशिरा सुटू लागलं. विमानाच्या शिडीखाली एक माणूस उभं करायचं ठरलं, ते माणूस म्हणजे मी. मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंधरा मिनिटं उशिरा सोडली, तर कोचीहून पुढं जाणाऱ्यांची गाडी चुकणार न्हाई ना? ते बघितलं का?"

"बघितलं बाबा."

"मग ठीक हाय." आणि फोन मायकडं दिला. माय हळू आवाजात म्हणाली, "उठून बाहेर गेले बघ. आता हॉटेलावर जाऊन अख्ख्या फाट्याला सांगून येतेत."

पुढच्या वर्षी कंपनीकडं आणखी लहान विमानं आली आणि नांदेड-हैदराबाद पुन्हा सुरू झालं. जुन्या चौघांना परत यायचं का म्हणून विचारणा झाली. दोघं गेले. मी रजा घेऊन घरी आले, पण उत्तर मनात ठरलेलं होतं. मायला सांगितलं, अजून दोन-तीन वर्षं तिकडंच राहते. मला वाटलं, आता पुन्हा अबोला. तिनं बराच वेळ शेंगा फोडल्या, मग विचारलं, "तिथं भाजी कोणती भेटते?"

"सगळं भेटतं. अंबाडी न्हाई भेटत."

"मग कसं करतेस?"

"करत न्हाई."

हे मात्र तिला सहन झालं नाही. पंधरा दिवसांनी माय विमानातून उतरली. मी शिडीखाली उभी होते. तिच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली अंबाडीची जुडी होती आणि ती कोणालाच हात लावू देत नव्हती. आठ दिवस राहिली. मला रोज म्हणायची, सांबार म्हणजे काय वरणच, उगा नाव मोठं. जायच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले, तर माय आणि माझी तमिळ मैत्रीण ओट्याशी उभ्या होत्या. दोघींना एकमेकींचं एक अक्षर कळत नव्हतं, आणि माय तिला फोडणीत लसूण कधी टाकायचा ते रागावून शिकवत होती.