पेटीआधीचं गाऱ्हाणं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आमचा योद्धा मी मारला आणि दोष टॅबलेटवर ढकलला.

टॅबलेटवरच्या, भुयारात उतरायच्या एका खेळाचं वेड मला आणि बायकोला एकदमच लागलं. खेळ निर्दय. सगळं फाशांवर, आणि योद्धा एकदा मेला की पुन्हा पहिल्यापासून. म्हणून भुयारातली पेटी उघडण्याआधी बायको कोकणात देवळात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायची, "बा देवा म्हाराजा, ह्या पेटयेत तलवार आसांदे, भूत नको." मी "व्हय म्हाराजा" म्हणायचो, मग ती बोट लावायची. एकट्याने खेळायचं नाही, असं ठरलं होतं.

ती शिरोड्याला माहेरी गेली, त्या दुपारी मी एकटाच शेवटच्या मजल्यावर उतरलो. पेटी दिसली. गाऱ्हाणं मीच घातलं आणि "व्हय म्हाराजा"ही मीच म्हटलं. पेटीलाच दात फुटले आणि तिने योद्ध्याला गिळलं. इतके दिवस साथ देणाऱ्या फाशांनी ऐनवेळी दगा दिला म्हणून मी टॅबलेट गादीवर आपटला.

ती परतल्यावर म्हणालो, "अपडेट झाला नि सगळा पुसला गेला."

"मेल्यांनी फसवल्यानी आमका," ती म्हणाली. मग हसली. "माका वाटला, तुमीच एकटे खेळलास."

मीही हसलो.

त्यानंतर तिने टॅबलेटला हात लावला नाही. कोणी विचारलं तर सांगते, तो खेळ दगाबाज आसा. मी शेजारी बसून ऐकतो.

दगा मी दिला, हे तिला तोंडावर सांगणं मी अजून देणं लागतो.