चार्जरची पिन सोडता येईना

मैत्रिणींनो, आज दुपारपासून मी जागच्या जागी अडकलेय.

माझ्या छोट्या नेटबुकात जागाच बत्तीस जीबी. जुनी सिस्टीम ती सगळी खाऊन बसली, म्हणून ती पुसून पेनड्राइव्हवरून हलकी सिस्टीम टाकायला घेतली. पण बॅटरी मेलेली आणि चार्जरची पिन ढिली. अंगठ्यानं दाबून धरली तरच मशीन चालू. मधेच सोडली तर जुनीही गेली अन् नवीही न्हाई. शिकवणीचे सगळे पेपर मी याच्यावरच टाइप करते.

त्यात आज चतुर्थी. आमचं घर राजूरला, गणपतीच्या देवळाजवळ, दर्शन झालं की पाव्हणे चहाला आमच्याकडंच.

सासूबाई ओरडल्या, "अगं, पाव्हणे आले, चहा टाक!"

"आई, हात काढला तर हे बंद पडंल."

नवरा कुरकुरला, "मंग काय, मी टाकू?"

"टाका ना."

त्यानं टाकला. खिचडी सासूबाईंनी परतली. माझा अंगठा बधिर, पायाला मुंग्या, बाथरूमलाही उठता येईना. पण या घरात पहिल्यांदा चहाचा कप आयता माझ्यापुढं आला.

सिस्टीम मघाशीच टाकून झाली. मोरीत भांड्यांचा ढीग दिसून राह्यलाय.

एका हातानं हे लिहितेय. दुसऱ्या हातानं पिन अजून धरूनच आहे. तुम्ही सोडली असती का?